येत्या जूनपासून

इनासकाकांचं एम.टीएच. येत्या जूनपासून सुरू होतंय. कुठल्या जूनपासून, ते विचारायचं नाही. विचारलंत तर काका चिडत नाहीत. उलट खुश होतात, आत जातात आणि तक्ता घेऊन येतात. तक्ता एकदा ओट्यावर उलगडला की तुमची ठरवलेली लोकल गेली, तिच्या पाठची गेली, आणि स्वयंपाकघरातून काकीचा आवाज येतो, "जेवूनच जा आता. ते अजून दुसऱ्याच सेमिस्टरला असतील." (घरात हे सगळं कुपारी बोलीत चालतं. मी सगळ्यांना कळेल असं लिहितोय. त्यात काकीच्या बोलण्याची धार थोडी कमी होते, त्याला इलाज नाही.)

एम.टीएच. म्हणजे मास्टर ऑफ थिऑलॉजी, कॅथलिक ईशज्ञानातली वरची पदवी. रोमच्या व्यवहारात हिला लायसेन्शिएट म्हणतात. आमच्या वसईत ही पदवी काही दुर्मीळ नाही. गावागावात फादर आणि सिस्टर झालेली मुलं-मुली आहेत, त्यांतली काही पुण्याला, काही रोमला जाऊन ती घेऊन येतात. इनासकाका फादर नाहीत. ते बी.कॉम. आहेत, पश्चिम रेल्वेतून रिटायर झालेत, दोन मुलींची लग्नं उरकलीत, आणि सामाईक केळीच्या वाडीत त्यांचं लक्ष नसतं अशी भावाची तक्रार आहे. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) प्रापंचिकांनीही ईशज्ञानाचं शिक्षण घ्यावं अशी इच्छा व्यक्त केली, आणि ती काकांनी मनावर घेतली. मनावर घेणारा माणूस लगेच फीही भरेल, असं परिषदेला वाटलं असणार.

काकांची नोकरी चर्चगेटला, टाइमटेबलच्या सेक्शनमध्ये. तुम्हाआम्हाला टाइमटेबल म्हणजे आकड्यांचे रकाने वाटतात. ते बनतं मात्र रेघांनी. आलेखाचा मोठा कागद घ्यायचा. उभ्या बाजूला स्टेशनं, आडव्या बाजूला वेळ. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. फास्ट गाडीची रेघ ताठ, स्लो गाडीची लवलेली, आणि गाडी जिथे थांबते तिथे रेघ जराशी आडवी होऊन पुन्हा चालू लागते. एकाच रुळावरच्या दोन रेघांनी एकमेकींना काट मारली की समजायचं, इथे घोटाळा आहे. याला मास्टर चार्ट म्हणतात. काकांनी अख्खी हयात या रेघांत काढली. रिटायर झाल्यावर माणसं देवाकडे वळतात, तसे काकाही वळले. फक्त आलेखाचा कागद बरोबर घेऊन.

त्यांच्या तक्त्यावर चर्चगेटच्या जागी उत्पत्तीचं पुस्तक आहे आणि विरारच्या जागी एस्कॅटॉलॉजी, म्हणजे मरण, न्याय, स्वर्ग आणि नरक. दादरला मोरल थिऑलॉजी, कारण गर्दी तिथेच असते. अंधेरीला ख्रिस्टॉलॉजी. "इथे सगळ्या फास्ट थांबतात," काका पेन्सिल टेकवून सांगतात. बोरिवलीला साक्रामेंतं. वसई रोडला कृपा, कारण काकांना उतरायचंय तिथेच. ख्रिस्तसभेचा इतिहास हे मुळात स्टेशनच नाही, तो रूळ आहे, असं त्यांचं ठाम मत. तो सगळ्यांच्या खालून जातो. तांबडी रेघ सिस्टिमॅटिकची, निळी बायबलची, हिरवी नीतिशास्त्राची. भाषांची रेघ काळी आणि तुटक, कारण रेल्वेच्या हिशेबी ती मालगाडी: दिवसा जागा मिळाली नाही तर रात्री सोडायची. खोडरबराचा चुरा झटकायला मुलीच्या जुन्या रंगपेटीतला ब्रश आहे. तक्ता इतक्यांदा खोडलाय, की तिसऱ्या सेमिस्टरच्या सोमवारी सकाळी कागद झिजून खालची शहाबादी फरशी दिसते. काकांनी तिथे मागून सेलोटेप लावलीय. आणि त्या सोमवारी सकाळी नेमकं काय ठेवायचं, हे अजूनही ठरलेलं नाही.

हे सगळं कशासाठी? तर काकांना मुळात एकच गोष्ट समजून घ्यायची होती. उपवासकाळातल्या एका रिट्रीटमध्ये प्रवचन देणारे फादर म्हणाले, देवाची कृपा फुकट असते, ती कमवता येत नाही. मंडळी माना डोलावून घरी गेली. काका गेले नाहीत. रेल्वेत फुकट पास कुणालाही उठून मिळत नाही. कुणाला, वर्षाला किती, कुठल्या क्लासचा, कुटुंबातल्या कोणाकोणाला, सगळ्याचे नियम असतात. तसे इथेही असणार, आणि कुठेतरी लिहूनही ठेवलेले असणार. त्यांनी फादरांना गाठलं. फादर घाईत होते. म्हणाले, "काका, कृपेवर एक अख्खा कोर्स असतो." असं वाक्य इनासकाकांसमोर बोलायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

एका कोर्सचं तर काम. पण कृपा म्हटलं की संत ऑगस्टीन आला, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने पेलाजियसशी घातलेला वाद आला. ऑगस्टीन लिहितो लॅटिनमध्ये, म्हणून आधी लॅटिन. तो बोट ठेवतो संत पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रावर, ते ग्रीकमध्ये. म्हणून त्याआधी ग्रीक. पौल उठसूट जुन्या करारातले दाखले देतो, तिथे हिब्रू. ऑगस्टीनच्या डोक्यात प्लेटोच्या परंपरेतलं तत्त्वज्ञान भिनलेलं, म्हणजे तेही आलं. त्रेंतच्या परिषदेने १५४७ साली या विषयावर आदेश काढला तो ल्यूथरच्या मतांना उत्तर म्हणून. ल्यूथर वाचल्याशिवाय आदेश कसा कळणार? आणि कॅथलिक व ल्यूथरपंथीय यांनी १९९९ साली एकत्र बसून ज्या घोषणापत्रावर सह्या केल्या, ते वाचल्याशिवाय ल्यूथर तरी पुरा कसा होणार? अशा रीतीने जूनमध्ये पुढे निघायचा माणूस दर महिन्याला एकेक शतक मागे सरकत गेला. मी मध्यंतरी चौकशी केली तेव्हा काका अब्राहामाच्याही पलीकडे, मेसोपोटेमियात होते. "तिथलं थोडं उरकलं की निघतोच," म्हणाले.

भाषांची कथा स्वतंत्र. लॅटिन काकांना अगदीच परकी नाही. लहानपणी ते वेदीसेवक होते आणि तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. 'एत कुम स्पिरितु तुओ' ते झोपेतसुद्धा बिनचूक म्हणतील. अर्थ कळायच्या आत परिषद झाली आणि मिस्सा मराठीत आली. म्हणजे चर्चने आपला लॅटिनचा कोर्स मधेच बंद केला, अशी त्यांची धारणा आहे आणि ते क्रेडिट आपल्याला मिळायला हवेत, असंही त्यांना वाटतं. आता पुन्हा धरलं तर पहिलं डिक्लेन्शन भातलावणीत झालं, दुसरं कापणीत, आणि तिसऱ्यापाशी गाडी सिग्नलला उभी आहे ती आहेच. हिब्रूचा प्रकार आणखी निराळा. ती उजवीकडून डावीकडे लिहितात म्हणून काकांनी तिची रेघही तक्त्यावर उजवीकडून डावीकडे काढली. ती दुसऱ्या सेमिस्टरच्या ऑक्टोबरमध्ये ग्रीकला समोरासमोर धडकली. तो कागद टाकून द्यावा लागला.

मात्र याच वाटेवर काकांना एक मोठा दिलासा सापडला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डॉमिनिकन आणि जेसुइट यांच्यात कृपेवरूनच जुंपली. देवाची कृपा माणसाच्या मनाला हलवते ती नेमकी कशी, आणि तिनेच हलवलं तर माणसाच्या स्वातंत्र्याचं काय उरलं, असा तो वाद. प्रकरण रोमला गेलं. पोपसमोर बैठकांवर बैठका झाल्या. शेवटी १६०७ साली पोप पाचवे पॉल यांनी सांगितलं, की दोघांनीही आपापलं मत खुशाल धरावं, एकमेकांना पाखंडी म्हणू नये, निकाल योग्य वेळी कळवण्यात येईल. ती योग्य वेळ अजून आलेली नाही. हे सांगताना काकांचा चेहरा उजळतो. "चारशे वर्षं फाइल पेंडिंग! अडलं का कुणाचं काही?"

"तुमचीही त्याच गठ्ठ्यात असेल," काकी भाकरी थापता थापता म्हणते.

प्रवेशाचे नियम काकांना फादरांपेक्षा चोख पाठ आहेत. चर्चच्या विद्यापीठांसाठी पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली 'वेरितातिस गाउदियुम' हे नियमपत्र काढलं. त्याआधी जॉन पॉल दुसरे यांचं १९७९ चं होतं. काकांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचलीत, कुठला शब्द गेला आणि कुठला आला ते टिपत. पहिलं चक्र पाच वर्षांचं, तत्त्वज्ञान धरून. ते पुरं झालं की दुसरं, दोन वर्षांचं. तेच हे लायसेन्शिएट. मग तिसरं, डॉक्टरेटचं. म्हणजे एम.टीएच.च्या आधी बी.टीएच. हवं आणि काकांकडे आहे बी.कॉम. त्यांनी एका संस्थेला पत्र पाठवून विचारलंही, की कॉस्टिंग आणि ऑडिटिंगचे काही गुण इकडे वळते होतील काय. उत्तर अतिशय नम्र होतं. ते त्यांनी लॅमिनेट करून घेतलंय.

युरोपातला हिशेब वेगळा. तिथे क्रेडिट तासांवर मोजतात. व्हॅटिकन २००३ साली पदव्या एका मापात आणणाऱ्या तिथल्या बोलोन्या प्रक्रियेत सामील झालं, ही बातमी वसई तालुक्यात काकांइतक्या अभिमानाने दुसऱ्या कुणी सांगितली नसेल. दोन वर्षांचे १२० क्रेडिट, एका क्रेडिटला कमीत कमी २५ तास, झाले ३००० तास. सकाळची मिस्सा, वाडीचं पाणी, नातवाला शाळेत सोडणं-आणणं आणि दुपारची झोप वजा जाता काकांच्या दिवसात दोन तास उरतात. म्हणजे १५०० दिवस. म्हणजे चार वर्षं आणि एकोणचाळीस दिवस. काकांनी त्यात एक दिवस घातला आणि चाळीस केले, बायबलला शोभतील असे.

शोकेसमध्ये इतरांच्या घरी काचेची भांडी असतात, तिथे काकांकडे प्रॉस्पेक्टस आहेत. पुण्याचं ज्ञानदीप पहिल्या कप्प्यात. ही संस्था मूळची १८९३ सालची, श्रीलंकेतल्या कँडीची; १९५५ साली ती पुण्याला आली, आणि काकांचा जन्मही त्याच वर्षीचा. "आम्ही एकाच वर्षी महाराष्ट्रात आलो," असं ते म्हणतात. तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं हे कुणी निदर्शनास आणलं, तर तो इतिहासाचा वेगळा पेपर आहे. रोमचा आराखडा स्वतंत्र कागदावर. तिथलं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे जून हुकला तरी काकांना हताश व्हायचं कारण उरत नाही. ग्रेगोरियन विद्यापीठाचं मूळ कॉलेज १५५१ साली इग्नेशियस लोयोलाने काढलं. इग्नेशियस म्हणजे इनासच. आपल्या नावाच्या माणसाची संस्था असताना आपण दुसरीकडे जावं का, हा काकांचा नैतिक पेच. लूव्हेन १४२५ चं, सगळ्यांत जुनं. पण तिथे थंडी फार, आणि काकांना संधिवात.

या अभ्यासाचा गावाला होणारा त्रास सांगायलाच हवा. पॅरिशमध्ये नवे फादर आले, की काका पहिल्याच आठवड्यात त्यांची मार्कशीट बघायला मागतात. गुण बघायला नव्हे. विषयांचा क्रम बघायला. प्रवचन संपवून फादर दारात उभे राहिले की काका हात मिळवतात आणि विचारतात, "आजचं हे फंडामेंटलमध्ये धरायचं की एक्लेसिऑलॉजीत?" एका लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाला स्टेजवर अभिनंदनाच्या रांगेत सांगितलं, की कॅनन लॉमध्ये १०५५ ते ११६५ ही सगळी कलमं लग्नाची आहेत, वाचून घे. मागे बँड थांबला होता. पोराने लगेच मान डोलावली. त्याला वाटलं आहेराचं पाकीट शोधतायत. अंत्यविधीला दफनभूमीत माझ्या कानाशी लागून हलकेच म्हणाले, "एस्कॅटॉलॉजी. शेवटच्या सेमिस्टरला टाकतात. चूक आहे. माणसाला हे आधी लागतं."

काकी रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देते, पहिल्या कम्युनियनच्या वर्गाला. तिच्याकडे तक्ता नाही, खडू आहे. एकदा एका चुणचुणीत पोराने विचारलं, "टीचर, देव एक आहे, तर मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन कसे?" काकी म्हणाली, "सोपं असतं म्हणून तुला कुणी सांगितलं? आधी क्रुसाची खूण नीट कर. कपाळाच्या जागी नाकावर हात जातोय तुझा." घरी हे कळल्यावर काका कळवळले. "अगं, हा अख्ख्या कोर्सचा प्रश्न! ऑगस्टीनने यावर पंधरा पुस्तकं लिहिलीत."

"म्हणूनच," काकी म्हणाली. "माझा तास पाऊण तासाचा आहे."

लोकांना वाटतं काका परीक्षेला घाबरतात. मला तसं वाटत नाही. घाबरणारा माणूस वाचत नाही, आणि काकांनी या भानगडीत जेवढं वाचलंय तेवढं वाचून पदवी घेतलेले मला तरी फारसे भेटलेले नाहीत. त्यांची अडचण दुसरीच आहे. त्यांना काहीही सोडवत नाही. इलेक्टिव्ह या प्रकाराचा त्यांना मनापासून राग आहे. चारांतला एक निवडा म्हणजे उरलेल्या तिघांनी काय पाप केलं? काकांच्या तक्त्यावर सगळी इलेक्टिव्ह आहेत, मुक्तीचं ईशज्ञान आहे, पौर्वात्य चर्चचे पितर आहेत, सीरियाक परंपरेची स्तोत्रं आहेत, आणि दोन इलेक्टिव्ह एकाच वेळी आली तर एकाला बाजूच्या रुळावर उभं करून दुसऱ्याला पुढे काढायची सोय आहे. त्यामुळे काकांच्या दोन वर्षांच्या कोर्सला, त्यांच्याच हिशेबाने, सतरा वर्षं लागतात. हा आकडा काकीला सांगू नकोस, असं त्यांनी मला बजावलंय. काकीला तो ठाऊक आहे. तक्ता पुसायला तीच काढते.

आणि गंमत अशी, की दुसऱ्याला आखून देण्यात या माणसाचा हात धरणारा नाही. जवळच्या कॉन्व्हेंटातली एक तरुण सिस्टर मदर सुपिरियरने पुण्याला लायसेन्शिएटला पाठवायची ठरवली. बिचारी कोर्सची यादी घेऊन आली, डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. काकांनी तिला सुकेळी दिली, यादी समोर घेतली, आणि तासाभरात सगळं मार्गी लावून दिलं. स्तोत्रसंहिता करायची तर हिब्रू पहिल्याच सेमिस्टरला. संदेष्टे सकाळच्या तासांना घ्या, दुपारी डोळा लागतो. सेमिनारचा निबंध नाताळच्या आत द्या, नंतर कॉन्व्हेंटात पाहुणे येतात. गुरुवारचं एक इलेक्टिव्ह मात्र काही झालं तरी सोडू नका, ते नसेल तर प्रबंधाला पायाच नाही. हे शेवटचं त्यांनी तांबड्या पेन्सिलीने दोनदा अधोरेखित केलं. सिस्टर गेली, दोन वर्षांनी पदवी घेऊन आली, आणि पेढे घेऊन थेट काकांकडे. काकांनी पेढा हातात धरूनच विचारलं, "गुरुवारचं ते इलेक्टिव्ह कसं झालं?"

"ते झालंच नाही, काका. सर परदेशी गेले. मी दुसरंच घेतलं."

"दुसरं कुठलं?"

"जे त्या वेळेला होतं ते."

"आणि पास झालात?"

"झाले की."

काकांनी पेढा तसाच बशीत ठेवला. त्या रात्री ते झोपले नाहीत, असं काकी सांगते. असे किती जण त्यांच्या ओट्यावरून गेले आणि पदव्या घेऊन आले. एक मुलगा तर बेल्जियमहून थेट डॉक्टर होऊन आला. सगळे काकांना मानतात, नाताळला आठवणीने केक आणतात, आणि प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव घालतात. तीन प्रबंधांत इनासकाका छापून आलेत, तिन्ही ठिकाणी 'मौलिक मार्गदर्शन' या शब्दांसह.

त्यांचा स्वतःचा प्रबंधही पुष्कळ पुढे गेलाय. विषय, 'ख्रिस्तपुराणातील कृपेची संकल्पना'. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट १५७९ साली गोव्यात आला आणि मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं पुराण लिहून १६१६ साली त्याने ते राशोलला छापलं. काकांचं शीर्षक तयार आहे, दोन ओळींचं उपशीर्षक तयार आहे, अर्पणपत्रिका आहे, संक्षेपांची यादी आहे. ऋणनिर्देशही लिहून झालाय. त्यात मार्गदर्शकांच्या नावाची जागा तेवढी कोरी आहे, आणि पुढे 'माझ्या पत्नीच्या अपार त्यागाशिवाय हे कार्य सिद्धीस गेले नसते' असं वाक्य आहे. काकीने ते वाचून म्हटलं, "त्याग झालाय माझा. कार्य कुठलं?"

विषय खरोखर चांगला आहे. कुणीतरी तो करायला हवा. मी एकदा धीर करून म्हटलं, "काका, पदवी राहू दे. तुम्ही सरळ हेच लिहा ना. ओव्या तुम्हाला येतात, कृपेवर तुम्ही एवढं वाचलंय." काकांनी माझ्याकडे विनातिकीट प्रवाशाकडे बघावं तसं बघितलं.

सध्या ते संत थॉमस अक्वायनसचा 'सुम्मा' वाचतायत. तक्त्याबाहेरचं, अवांतर. ५१२ प्रश्न, शिष्यांनी मागाहून जोडलेली पुरवणी वेगळी. प्रस्तावनेतच थॉमस सांगतो, की हा ग्रंथ नवशिक्यांसाठी आहे. काकांनी त्या ओळीच्या समासात पेन्सिलीने 'विनोद?' असं लिहून ठेवलंय. थॉमसची विद्वत्ता त्यांना मान्य आहे, कारभार नाही. ६ डिसेंबर १२७३ या दिवशी त्याने लिहिणं थांबवलं ते थांबवलं, आणि पुढच्या मार्चमध्ये तो गेला. ग्रंथ राहिला अर्धा, तोही प्रायश्चित्ताच्या साक्रामेंतावर. "कन्फेशन चालू असताना मधेच उठून जातं का कुणी?" काका म्हणतात. "आधी आखणी नको?" आखणी नसताना ५१२ प्रश्न कसे झाले, हे मी विचारलं नाही. मला लोकल पकडायची होती.

परवा संध्याकाळी गेलो तर काका अस्वस्थ दिसले. पुस्तक मांडीवर उघडं, पहिल्या भागातला बारावा प्रश्न. त्यात थॉमस विचारतो, की स्वर्गात देवाला पाहणारे जे जे त्याच्यात पाहतात, ते एकामागून एक पाहतात की सगळं एकदम? आणि उत्तर देतो, एकदम. तिथे क्रम नाही.

"म्हणजे तिथे आधी हे, मग ते, असं काहीच नाही?" काकांनी मला विचारलं.

"लिहिलंय तर नसेल."

"प्रीरिक्विझिट नाही?"

"नसावं."

"सेमिस्टर?"

काकी सुपात तांदूळ निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "म्हणजे तिथे मी आणि तुम्ही एकाच वर्गात?"

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग चष्मा पुसला, पुन्हा घातला, तो परिच्छेद परत एकदा वाचला आणि म्हणाले, "हे त्याने बाराव्या प्रश्नात सांगायला नको होतं. अजून पाचशे बाकी असताना कुणी असं सांगतं का? अर्धी मुलं क्लास सोडून जातील." त्यांनी तक्ता पसरला, खोडरबर घेतला आणि बारावा प्रश्न थॉमसच्या पहिल्या भागातून उचलून पार शेवटाला नेला. विरारला मरण, न्याय, स्वर्ग, नरक यांचीच दाटी झाली होती, तिथे तो मावेना. मग विरारच्या पुढे आणखी एक कागद डिंकाने जोडला आणि हा प्रश्न डहाणूला टाकला. थोडं मागे सरून त्यांनी ते बघितलं.

"तिकडे गाड्याही कमीच आहेत," म्हणाले. "बरोबर आहे."